कल्पित भाषेला झीज कशी आणावी: व्याकरणातील अपवाद घडवण्याची रीत

मागच्या पावसाळ्यात ओसरीवर बसलो असताना माझी चार वर्षांची पुतणी आजीला दिवसभराचा हिशेब देत होती. "आजी, म्या आंगन झाडलं, खेळनं भरलं, अन् सारं काम करलं." आजी हसून म्हणाली, "करलं नाई व माय, केलं म्हन." पोरीने थोडा विचार केला आणि विचारले, "झाडलं, भरलं, तं मंग करलं काऊन नाई?" आजीपाशी उत्तर नव्हते. "तसंच असते ते," एवढे म्हणून तिने सूप पुन्हा हाती घेतले.

कथेसाठी, नाटकासाठी, खेळासाठी किंवा निव्वळ हौसेपोटी स्वतःची भाषा रचू पाहणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी समजून घ्यावे, कारण नवशिक्यांच्या भाषा बहुधा इथेच कच्च्या राहतात. 'झाडला' हे रूप मराठीने 'झाड' या धातूला 'ला' लावून आपल्या नियमाने बनवले आहे. 'केला' मात्र तसे बनलेले नाही. संस्कृतातील 'कृत' हे आधीच तयार असलेले रूप प्राकृतातून झिजत आले, त्यातला 'त' गळाला, आणि उरलेल्या तुकड्याला पुढे 'ल' चिकटला. 'मृत'पासून आलेला 'मेला' आणि 'गत'पासून आलेला 'गेला' ही त्याच वाटेने आलेली भावंडे आहेत. म्हणजे आज जो अपवाद दिसतो तो कधीकाळी नियमच होता. फक्त तो नियम आता कोणाला आठवत नाही. कल्पित भाषेत अपवाद आणायचे असतील तर ते मुद्दाम मोडतोड करून आणायचे नसतात. आधी नीट नियम घालावेत आणि मग भाषेला म्हातारी करावी, एवढीच त्याची रीत आहे. पुढे ती क्रमाने सांगतो.

सुरुवात करण्यापूर्वी

लहानपणी आम्ही 'च'ची भाषा बोलत असू. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि आरंभी 'च' लावायचा, की 'पाणी'चे 'चणीपा' होई. मोठ्यांना ती कळत नसे आणि आम्हाला फार मोठे काही साधल्यासारखे वाटे. पण ती वेगळी भाषा नव्हती. ती कुलूप लावलेली मराठीच होती. महानुभाव पंथाने आपल्या पोथ्यांसाठी घडवलेली सकळ लिपी याच जातीची आहे. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वाचायचे हे एकदा कळले की आत मराठीच सापडते. पोथी गुप्त राहावी एवढाच त्या लिपीचा हेतू होता आणि तो तिने चोख पार पाडला. आपला हेतू मात्र निराळा आहे. म्हणून मराठी वाक्यातील प्रत्येक शब्दाला एक नवा शब्द बसवून यादी करण्यात वह्या भरू नयेत. तशी भाषा कितीही चमत्कारिक ऐकू आली तरी तिच्यात 'ने', 'ला', 'चा' जिथल्या तिथे असतात आणि जाणत्या वाचकाला ते दुसऱ्या ओळीत कळते.

दुसरी गोष्ट हेतूची. झामेनहॉफ यांनी 1887 साली वॉर्सा येथे एस्पेरांतो ही स्वतः रचलेली भाषा प्रसिद्ध केली तेव्हा तिचे व्याकरण 16 नियमांत बसवले आणि क्रियापदांना अपवाद ठेवले नाहीत. वेगवेगळ्या देशांतील माणसांना ती लवकर शिकता यावी हा उद्देश असल्यामुळे ते अगदी योग्यच होते. आपली भाषा लोकांनी शिकून वापरावी असा आपला उद्देश असेल तर हा लेख इथेच मिटवावा. पण एखाद्या खोऱ्यात हजार वर्षे राहिलेल्या, भांडलेल्या, लग्नकार्ये केलेल्या माणसांची भाषा दाखवायची असेल, तर तिच्यात सोळा नियमांच्या बाहेरचे पुष्कळ असले पाहिजे.

पहिली पायरी: जुनी, सरळ भाषा लिहून ठेवा

एक वही घ्यावी आणि तिचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात आपल्या भाषेची पूर्वज लिहायची, आणि तिला अपवाद ठेवायचे नाहीत. पन्नास-साठ शब्द, अनेकवचनाचा एक प्रत्यय, विभक्तीचे दोन-तीन प्रत्यय आणि भूतकाळाचा एक प्रत्यय एवढे पुरे.

उदाहरण म्हणून मी माझीच भाषा घेतो. तिचे लोक आमच्या वावराजवळच्या नाल्यापलीकडे राहतात असे मी ठरवले होते, म्हणून तिचे नाव पल्याडी. शेतीपंपाची वीज रात्री यायची त्या दिवसांत, दांडाचे पाणी फिरवून पुढचा दांड भरेपर्यंत बांधावर बसून तिचा बराचसा भाग रचला गेला. जुन्या पल्याडीत 'तोक' म्हणजे बैल, 'लान' म्हणजे घर, 'नुप' म्हणजे झाड आणि 'येल' म्हणजे गोटा. अनेकवचनाला 'इ' लागतो: तोकि, लानि, नुपि, येलि. 'कडे' किंवा 'ला' या अर्थी 'आ' लागतो: तोका, नुपा. भूतकाळाला 'ता' लागतो: 'रो' म्हणजे जाणे आणि 'रोता' म्हणजे गेला. इथपर्यंत सगळे शाळेतल्या पाढ्यासारखे सरळ आहे आणि तसेच असायला हवे.

दुसरी पायरी: उच्चार झिजवा, पण पाळीने

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण जातिवंत अपवादांपैकी बहुतेक उच्चारांच्या बदलातूनच जन्मतात. उच्चाराचा बदल व्याकरण ओळखत नाही. हा बैल आहे की भूतकाळ, हे न पाहता तो त्या त्या ध्वनीवर सरसकट चालतो, आणि त्याच्या सरसकटपणामुळेच व्याकरण विस्कटते.

पल्याडीसाठी मी तीन बदल ठरवले. पहिला असा की दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले क, त, प हे अनुक्रमे ग, द, ब होतात. दुसरा असा की पुढच्या अक्षरात 'इ' असेल तर आधीचा 'ओ' किंवा 'आ' बदलून 'ए' होतो. तिसरा असा की शब्दाच्या शेवटचा 'इ' गळून पडतो. आता एकेक शब्द या तिन्हींतून क्रमाने न्यावा. 'तोकि' पहिल्या बदलाने 'तोगि' झाला, दुसऱ्याने 'तेगि' आणि तिसऱ्याने 'तेग'. एकवचनाच्या 'तोक'ला मात्र यांपैकी काहीच लागू झाले नाही. म्हणजे एक बैल 'तोक' आणि पुष्कळ बैल 'तेग'. 'लान'चे 'लेन' झाले, कारण त्यात 'न' असल्यामुळे फक्त स्वर बदलला. 'नुप'चे 'नुब' झाले, कारण तिथे स्वर बदलायला जागा नव्हती, पण 'प' बदलला. आणि 'येल'चे 'येल'च राहिले. त्यात बदलण्याजोगा स्वर नाही, व्यंजन नाही, आणि जो 'इ' होता तोही गेला.

चार शब्द आणि चार तऱ्हेची अनेकवचने, आणि तरीही मी एकही अपवाद हाताने लिहिलेला नाही. शेवटच्या 'येल'ची शंका येत असेल तर आपलीच मराठी पाहावी. एक दगड आणि दहा दगड, एक हात आणि दोन हात, यांत आपण काहीच बदलत नाही. जुन्या मराठीत मात्र एकवचनाला 'हातु', 'देवु' असा शेवटी उकार होता आणि अनेकवचनाला नव्हता. शेवटचे ऱ्हस्व स्वर गळाले आणि दोन्ही रूपे एकच झाली. लीळाचरित्र चाळताना हा उकार पावलोपावली भेटतो, आणि ज्या रिद्धपूरशी महानुभावांच्या आद्य गद्याचे नाते आहे ते तर अमरावती जिल्ह्यातच आहे. भाषा रचणाऱ्याने जुन्या मराठीची पाच-दहा पाने वाचली तर त्याला फार मोठे घबाड सापडते, असे माझे मत आहे.

बदलांची पाळी मात्र सांभाळावी. शेवटचा 'इ' गळण्याचा बदल मी आधी घेतला असता तर 'तोकि'चे लगेच 'तोक' झाले असते, पुढच्या दोन्ही बदलांना करण्यासारखे काही उरले नसते, आणि पल्याडीत सरसकट सगळी अनेकवचने बुडाली असती. तेही वाईट नाही. काही भाषांत तसे घडतेच. पण ते आपल्याला हवे आहे की नाही हे आधी ठरवावे. म्हणून वहीत प्रत्येक बदलाला क्रमांक घालावा आणि एकदा घातलेला क्रमांक मनाला येईल तसा हलवू नये.

विभक्तीतही हीच झीज दिसते. 'तोका'चा 'तोगा' होतो आणि 'नुपा'चा 'नुबा'. म्हणजे झाड 'नुप', पण झाडाकडे 'नुबा'. मराठीच्या सामान्यरूपांची सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. पाऊस पण पावसाला, विंचू पण विंचवाला, गहू पण गव्हाला, देऊळ पण देवळात, हे आपण दिवसभर बोलतो आणि आपल्याला त्यात काही अवघड वाटत नाही.

क्रियापदांत 'रोता'चा पहिल्याच बदलाने 'रोदा' झाला. 'मिन' म्हणजे पाहणे. त्याचे 'मिनता' तसेच राहिले, कारण तिथला 'त' दोन स्वरांच्या मध्ये नाही. याशिवाय मी चौथा बदल घेतला: 'त'च्या आधी आलेले क किंवा प त्याच्यात विरघळून 'त्त' होतो. 'साक' म्हणजे खाणे, त्याचा 'सात्ता' झाला. 'लुप' म्हणजे झोपणे, त्याचा 'लुत्ता' झाला. या चौथ्या बदलाने पुढे एक गोंधळ घातला, आणि तोच माझ्या भाषेतला मला सर्वांत आवडणारा भाग ठरला.

तिसरी पायरी: दोन रूपे आदळली की काय होते ते पाहा

पल्याडीत 'सात' म्हणजे विकणे. त्याचा भूतकाळ 'सातता', म्हणजे उच्चारात 'सात्ता'. आणि 'खाल्ले' हेही 'सात्ता'च. शेतकऱ्याच्या भाषेत 'माल विकला' आणि 'माल खाल्ला' एकच व्हावे ही थट्टा मला मंजूर होती, पण बोलणाऱ्यांना ती रोज परवडली नसती. अशा वेळी माणसे जे करतात तेच मी त्यांना करू दिले. त्यांनी 'विकले' म्हणण्याऐवजी 'तोलले' म्हणायला सुरुवात केली, जसा आपल्याकडे काट्यावर कापूस तोलून झाला की व्यवहार झालाच असे समजतात. 'हुल' म्हणजे तोलणे आणि 'हुलता' म्हणजे तोलले. दोन-तीन पिढ्यांत 'हुलता' हाच 'सात'चा भूतकाळ होऊन बसला. आज पल्याडी माणूस 'विकतो' म्हणताना एक धातू वापरतो आणि 'विकले' म्हणताना दुसरा.

दोन वेगळ्या धातूंची अशी एकाच क्रियापदात मोट बांधली जाणे खऱ्या भाषांत नवीन नाही. आपले 'जाणे' संस्कृत 'या' धातूचे आणि 'गेला' 'गम्' धातूचा. 'होणे' 'भू'पासून आले, पण 'झाला' हा 'जात'चा वंशज आहे, आणि जुन्या मराठीत तो 'जाला' असाच लिहिलेला सापडतो. इंग्रजीतल्या 'गो'चा भूतकाळ 'वेन्ट' हाही मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचा होता.

रूपे आदळणे हे एकच कारण नसते. भीती आणि संकेत यांनीही शब्द बदलतात. रात्री गोठ्यात साप दिसला तर आमच्याकडे कोणी 'साप' म्हणत नाही, 'जनावर निघालं' म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. निरोप घेताना 'जातो' म्हणणे अशुभ म्हणून आपण पाय बाहेर टाकत 'येतो' म्हणतो. यातले प्रत्येक उदाहरण तुमच्या भाषेत एक अपवाद देऊ शकते. तुमचे लोक कशाला भितात आणि कशाचे नाव घेत नाहीत हे ठरवले की त्या शब्दाची काही रूपे आपोआप दुसरीकडून आणावी लागतात. शिवाय त्यातून वाचकाला त्या लोकांविषयीही काही कळते, जे नुसत्या प्रत्ययांच्या तक्त्यातून कधीच कळत नाही.

चौथी पायरी: कोणते शब्द वाकडे राहतील ते ठरवा

इथे माझी पहिली भाषा साफ बुडाली, तो किस्सा सांगणे भाग आहे. त्या वेळी मला उच्चारांच्या बदलाविषयी काहीच ठाऊक नव्हते. भाषेला अपवाद हवेत एवढे ऐकले होते, म्हणून मी सगळ्या क्रियापदांच्या चिठ्ठ्या केल्या, डब्यात घालून हलवल्या आणि चाळीस उचलल्या. ज्याची चिठ्ठी निघाली त्याला मनाला येईल तसे वेडेवाकडे रूप दिले. परिणाम असा झाला की 'खाणे', 'येणे', 'देणे' ही अगदी सरळ राहिली आणि 'शिंकणे', 'लिंपणे', 'उपणणे' यांची रूपे भयंकर झाली. महिनाभराने माझी मलाच ती आठवेनात.

खऱ्या भाषेत हे नेमके उलट असते. अपवाद जपायला माणसांची जीभ लागते. जे रूप दिवसातून पन्नासदा तोंडी येते ते कितीही विचित्र असले तरी मुलाच्या कानावर इतक्या वेळा पडते की ते पाठ होते. जे वर्षातून दोनदा लागते ते आठवत नाही, आणि मग बोलणारा नियमाने नवीन रूप बनवून मोकळा होतो. माझ्या पुतणीने 'करलं' म्हटले ते याच ओढीने. फरक एवढाच की 'केलं' तिला रोज ऐकू येणार असल्यामुळे ती सुधारेल. शब्द क्वचितचा असता तर तिला सुधारणारे कोणी भेटले नसते आणि तिच्या नातवंडांच्या काळी तेच रूप शुद्ध ठरले असते.

याचे मोजमापही झालेले आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदांचा माग काढला गेला, तेव्हा त्यांपैकी 98 आजही अनियमित असल्याचे आढळले, आणि टिकण्याचा वापराशी थेट संबंध निघाला: शंभर पट कमी वापराचे क्रियापद दहा पट वेगाने नियमित होते. आपल्यासाठी यातून कामाची सूचना अशी निघते की शब्दांची यादी वापराच्या क्रमाने लावावी. असणे, होणे, येणे, जाणे, करणे, देणे, घेणे, खाणे, पिणे, म्हणणे, मरणे. घर, हात, माणूस, पाणी, मूल, गाय, बैल अशांची झिजलेली रूपे जशीच्या तशी ठेवावीत. यादीत खाली आलेल्यांना नियमाकडे ओढून घ्यावे.

पण नियमाकडे ओढायचे तर नियम शिल्लक हवा. पल्याडीत शेवटचा 'इ' गेल्यावर अनेकवचनाचा उघड प्रत्ययच उरला नव्हता. म्हणून लोकांनी 'वेम', म्हणजे रास, हा शब्द नामापुढे जोडायला सुरुवात केली आणि तो झिजून 'वे' झाला. गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगढीत 'लइका मन' म्हणतात, तिथेही स्वतंत्र शब्दच अनेकवचनाचे काम करतो. आता 'सोक' म्हणजे घुबड. झिजेच्या हिशेबाने पुष्कळ घुबडांना 'सेग' म्हटले पाहिजे, पण घुबडांच्या थव्याविषयी रोज कोण बोलतो? म्हणून 'सोकवे'. तोक-तेग, लान-लेन, नुप-नुब ही रोजची नामे मात्र आपल्या जुन्या तऱ्हेनेच चालतात. 'येल'ला काहींनी 'येलवे' म्हणायला सुरुवात केली आहे आणि म्हातारी माणसे त्यावर नाक मुरडतात. असे एखादे चालू भांडण भाषेत ठेवावे.

पाचवी पायरी: शेजारी आणा

ज्या भाषेला शेजारी नाही ती भाषा खरी वाटत नाही, निदान विदर्भात राहणाऱ्याला तरी. मेळघाटात कोरकू बोलली जाते. ती मुंडा कुळातली असून तिच्यात एकवचन आणि अनेकवचनाबरोबर द्विवचनही आहे. पूर्वेकडे गोंडी आणि माडिया, यवतमाळकडे कोलामी या द्राविडी भाषा आहेत. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात निहाली आहे, जिने कोरकूकडून, द्राविडी भाषांकडून आणि मराठीकडून भरमसाट शब्द घेतले, तरी ती स्वतः कोणत्याही ज्ञात कुळात बसवता आलेली नाही. आठवडी बाजाराच्या एका चकरेत इतक्या तऱ्हेची व्याकरणे कानावर पडू शकतात.

उसन्या शब्दांबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे शब्द केव्हा आला. 'बाजार' आणि 'कागद' मराठीत येऊन शतके झाली, म्हणून ते घरच्यासारखे वागतात: बाजाराला, कागदाला. 'ट्रॅक्टर' आणि 'मोबाईल' कालचे पाहुणे, म्हणून ट्रॅक्टरला, मोबाईलला. मध्ये 'आ' घालायला अजून कोणी धजत नाही. उच्चारातही असे थर दिसतात. आमच्या गावातला माणूस घरी 'डोळा'ला 'डोया' आणि 'पोळा'ला 'पोया' म्हणतो, पण 'मंडळ अधिकारी' म्हणताना त्याचा ळ शाबूत असतो, कारण तो शब्द कचेरीतून आला, आजीकडून नव्हे.

पल्याडीत 'टोपी' हा शब्द उशिरा शिरला. दोन स्वरांमधल्या 'प'चा 'ब' करण्याचा बदल तोवर संपून गेला होता, म्हणून 'टोबी' झाले नाही, आणि अनेकवचन अर्थातच 'टोपीवे'. जाणकार वाचक हा एक शब्द पाहून ओळखतो की टोपी या लोकांची नव्हे. तुमच्या कथेत जिंकलेले, आलेले किंवा व्यापार करून गेलेले लोक असतील तर त्यांच्या येण्याचा काळ प्रत्येक उसन्या शब्दावर अशा रीतीने उमटवता येतो.

सहावी पायरी: वाक्यरचनेत एखादी खोच ठेवा

नवशिके रूपांपाशीच थांबतात, पण अपवाद वाक्याच्या जोडणीतही असतात. मराठीत 'मी आंबा खाल्ला' म्हणताना क्रियापद आंब्याच्या मागे जाते; मग 'मी धडा शिकलो', 'मी पाणी प्यालो', 'मी नाव विसरलो' इथे ते माझ्या मागे का येते? कर्म तर तिथेही आहे. या मोजक्या क्रियापदांत करणारा काहीतरी आत घेतो किंवा गमावतो, आणि बदल त्याच्यातच होतो, असा एक समान धागा जाणवतो. तो पूर्ण नियम नाही आणि निव्वळ योगायोगही वाटत नाही. अशा अर्धवट कारणाचे पाच-सहा क्रियापदांचे एखादे टोळके तुमच्या भाषेत ठेवावे. त्याहून मोठे नको.

संख्यांविषयी फार सांगत नाही. साडेतीन आहे पण साडेएक नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत एकोण चालते आणि 99ला एकाएकी नव्याण्णव होते. अशा एक-दोन गोष्टी पुरतात.

उलट बाजूही ध्यानात असू द्यावी. जिथे एक बोली अपवाद जपते तिथे दुसरी तो मोडून टाकते. प्रमाण मराठीत एकाला 'मुलाला' आणि अनेकांना 'मुलांना' असे दोन प्रत्यय लागतात. वऱ्हाडीत 'पोराले' आणि 'पोरायले', दोन्हीकडे 'ले'च. तुमच्या भाषेच्या दोन बोली केल्या तर एकीत जे वाकडे आहे ते दुसरीत सरळ ठेवता येते. त्यासाठी फार श्रम पडत नाहीत. बदलांच्या यादीतला एखादा क्रमांक एका बोलीपुरता वगळायचा, एवढेच.

अपवादाला मागे कारण हवे, पण ते प्रत्येक ठिकाणी दिसायला नको. काका, मामा, दादा यांना आपण काकाला, मामाला, दादाला म्हणतो, घोड्याला म्हणावे तसे 'काक्याला' म्हणत नाही. नात्याच्या शब्दांचा हा मान आहे असे म्हणावे, तर बसस्थानकावर उभे राहून ऐकावे: अकोला, वर्धा, भंडारा, बुलढाणा यांचे अकोल्याला, वर्ध्याला, भंडाऱ्याला, बुलढाण्याला होते, पण गोंदियाला मात्र गोंदियालाच राहते. शेवटी 'या' असल्यामुळे तिथे आणखी 'या' घालायला जागाच नाही. म्हणजे दोन्हीकडे रूप सारखेच अडले, पण कारणे वेगळी. शिकणाऱ्याला ही कारणे सांगितली जात नाहीत. तुमच्या वहीच्या पहिल्या भागात मात्र ती लिहिलेली असावीत.

सातवी पायरी: वाक्ये बोलून पाहा

तक्ते झाले की ते बाजूला ठेवून किमान शंभर वाक्ये लिहावीत, आणि ती रोजच्या कामाची असावीत: पाणी आण, गाय सुटली, तो काल आला नाही, कापूस तोलला का. देवदेवतांची स्तोत्रे आणि राजांच्या शपथा नंतर. अपवाद खरा आहे की खोटा हे रोजच्या वाक्यातच कळते, कारण तिथे तो जिभेवर यावा लागतो. एखादे रूप दहा वेळा बोलूनही अडखळत असेल तर पल्याडच्या माणसांनीही ते टाकून दिले असते असे समजून ते सरळ करावे.

पल्याडीचे माझे आवडते वाक्य तीन शब्दांचे आहे: 'तेग नुबा रोदा', म्हणजे बैल झाडाकडे गेले. 'तेग'मध्ये गळालेल्या इकाराची खूण आहे, 'नुबा'मध्ये दोन स्वरांत सापडलेला 'प' आहे आणि 'रोदा'मध्ये त्याच बदलाने मऊ झालेला 'त' आहे. जुन्या भाषेत हेच वाक्य 'तोकि नुपा रोता' असे होते. दोन्ही ओळी वहीत एकाखाली एक लिहून ठेवल्या की झीज नेमकी कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येते.

शेवटी भाषा कोणाला तरी शिकवून पाहावी, शक्यतो लहान मुलाला, आणि त्याच्या चुका सुधारण्याऐवजी तारीख घालून लिहून घ्याव्यात. पुतणीला मी हे वाक्य शिकवले. तिसऱ्या दिवशी गोठ्यातून दोन्ही बैल सुटून कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले, तेव्हा ती ओसरीवरून ओरडली, "तोकवे नुबा रोदा!" 'नुबा' आणि 'रोदा' तिने बिनचूक उचलले होते, 'तेग' मात्र तिला पटला नव्हता. वहीच्या दुसऱ्या भागात, 'तेग'च्या समोर, मी 'मुलांच्या तोंडी: तोकवे' अशी नोंद केली आणि बैल बांधायला गेलो.